डहाणूची वेस राखणारे प्राधिकरण

डहाणू शहराला दोन केंद्रे आहेत. एक खाडीकाठचे जुने गाव, किल्ल्याभोवतीचे. दुसरे रेल्वे आल्यावर स्टेशनाभोवती वाढलेले डहाणू रोड. मसोली, मल्याण, लोणीपाडा अशा वस्त्या वाढत गेल्या, 2013 पासून मुंबईची लोकलही इथवर येऊ लागली. दक्षिणेला तारापूरची औद्योगिक वसाहत, उत्तरेला वापी, जवळून अहमदाबाद महामार्ग. अशा जागी कारखान्यांचे शहर उभे राहिले असते तर कोणालाच नवल वाटले नसते. तरी चिकूच्या वाड्या टिकल्या, आणि त्याचे मोठे श्रेय मी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाला देतो.

20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. तालुक्यातील उद्योगांना 500 एकरांची मर्यादा आली आणि सीमेबाहेर 25 किलोमीटरचा पट्टा राखीव झाला. तलासरी तालुक्यातले उधवा त्याच पट्ट्यात येते. पण नुसत्या कागदाने काही राखले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 19 डिसेंबर 1996 रोजी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हा त्या कागदाला धार आली. 1998 मध्ये त्याने डहाणूच्या किनाऱ्यावरील वाढवण बंदराचा प्रस्ताव नाकारला. डहाणूच्या 500 मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारे संयंत्र बसवायला लावले. धुराड्याकडे जाणारा वायू समुद्राच्या पाण्याने धुतला जातो, पाण्यातला क्षार गंधकाचा वायू शोषून घेतो. आदेश 1999 चा, संयंत्र सुरू झाले 2007 मध्ये. इतकी वर्षे पाठपुरावा करणारे कोणी नसते तर ते बसलेच नसते.

यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे: बागायतदारांची हवा स्वच्छ राहिली, पण उधव्यासारख्या गावांतल्या वारली तरुणांना कामासाठी सिल्वासा, उंबरगाव, वापीची वाट धरावी लागते. वाट धरावी लागते हे खरेच. पण कारखाना दाराशी आला की पाड्याचे भले होते, हे तारापूरकडे पाहून म्हणवत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात ते देशातले सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. शिवाय शाळा, दवाखाना, नळाचे पाणी यांना अधिसूचनेने कधीच मनाई केली नव्हती. ती उणीव शासनाची आहे, तिचा दोष प्राधिकरणावर टाकणे अन्यायाचे होईल.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. प्राधिकरण स्थापन झाल्यावर पाचच दिवसांनी, 24 डिसेंबर 1996 रोजी, अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा मंजूर झाला. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे जमीन आणि जंगलाबाबत ग्रामसभेला बोलण्याचा हक्क तेव्हाच मिळाला. राज्याने त्याचे नियम केले 2014 मध्ये. मधली सारी वर्षे राखण वरून झाली, ज्यांची जमीन ते बाहेरच राहिले. म्हणून धर्माधिकारी 2019 मध्ये गेल्यावर ही राखण पेलणारे बळ गावात तयार नव्हते. जुलै 2023 मध्ये याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला अटींसह संमती दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणीही झाली.

बंदराबरोबर रस्ते, गोदामे, वसाहती येणार आणि त्यांचा रेटा किनाऱ्यावर थांबणार नाही, तलासरी-उधव्यापर्यंत पोचेल. विकास आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी तो ग्रामसभांपुढे मराठीत आणि नकाशासह मांडला जावा, आणि ग्रामसभेचा नकार हा नकारच मानला जावा.