निवृत्तीआधी गोधडी शिकायची तर



आमच्या वस्तीतल्या एक मावशी सफाई कामगार आहेत. सत्तावीस वर्षे पहाटे हजेरी आणि हातात झाडू. गेल्या पावसाळ्यात त्या रक्तदाब मोजायला माझ्याकडे आल्या, तेव्हा निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. म्हणाल्या, "सिस्टर, घरी बसल्यावर करू काय? टीव्ही बघत बघत मरायचं का?" मी विचारले, लहानपणी काही शिकायचे राहून गेले का? थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आई वाकळ शिवायची. मला कधी सुई धरू दिली नाही. म्हणायची, तू शाळंत जा." शाळा चौथीत सुटली आणि वाकळही राहिली.

पुढच्या रविवारी आमच्या गल्लीतल्या पंच्याहत्तरीच्या आजींकडे आम्ही दोघी जाऊन बसलो. मलाही गोधडी येत नव्हती. तेव्हापासून चार-पाच जणी झालो आहोत. एक रिक्षावाले काकाही येतात. शिकताना बोटे टोचली, माना आखडल्या आणि एकदा मोठा धोका थोडक्यात टळला. नर्सचे काम केलेल्या बाईने हे सगळे लिहून ठेवायला हवे, असे वाटले म्हणून हा लेख.

सुरुवात निवृत्तीआधीच का करावी

नोकरी असते तोवर घड्याळ आपल्याला बांधून ठेवते. उठणे, जेवणे, चालणे आणि गोळ्या घेणे या सगळ्याच्या वेळा ठरलेल्या असतात. नोकरी संपली की त्या सैल होतात. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत साखर वाढलेले, बीपीची गोळी सुटलेले पेशंट मी वॉर्डात पाहिले आहेत. "आता कुठे जायचंय, घेऊ नंतर," असे म्हणत म्हणत ते तिथे पोचलेले असत.

दुसरे असे की, नवे काम शिकताना पहिले काही महिने हात चुकतातच. टाके वाकडे जातात, दोरा तुटतो. रिकाम्या घरात एकट्याने हे सुरू केले तर चार दिवसांत सुई बाजूला पडते. नोकरी चालू असताना आठवड्याला दोन तास दिले, तर निवृत्तीच्या दिवशी हात बसलेला असतो आणि सोबतही जमलेली असते. चष्मा करायला, तपासणी करून घ्यायला पगारही येत असतो.

शिकण्याचा फायदा डोक्यालाही होतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ६० ते ९० वर्षे वयाच्या लोकांवर एक अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना तीन महिने, आठवड्याला साधारण पंधरा तास, नवे काम शिकवले. काहींना गोधडीसारखे क्विल्ट शिवायला, काहींना डिजिटल फोटोग्राफी आणि काहींना दोन्ही. आणखी काही लोक नुसते एकत्र जमून गप्पा, सहली, खेळ करत होते. नवे आणि अवघड काम शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती जास्त सुधारली. सर्वांत जास्त फरक फोटोग्राफी शिकणाऱ्यांत दिसला, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे गोधडी हे काही औषध नाही. पण वाढत्या वयात डोक्याला नवे काम लावणे उपयोगाचे आहे, एवढे यातून नक्की कळते. गोधडीचे सामान घरात असते आणि शिकवणाऱ्या आजी गल्लीत असतात, म्हणून आपल्यासाठी ती सोयीची.

सुई धरण्याआधी चार तपासण्या

१. डोळे. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे धूसर दिसते. सुईचे नेढे दिसत नसेल तर डोळे ताणू नका, नंबर काढून घ्या. रस्त्यावरचा तयार चष्मा घेण्याआधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदू आणि काचबिंदू चष्म्याने बरे होत नाहीत, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मधुमेह असेल तर दरवर्षी डोळ्यात औषध घालून पडदा तपासून घ्यायचा.

२. हात. रात्री अंगठा, पहिले आणि मधले बोट बधिर होऊन जाग येते का? हात झटकल्यावर बरे वाटते का? तसे असेल तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. झाडू, धुणी, भांडी, पोळ्या अशी कामे वर्षानुवर्षे केलेल्यांमध्ये, तसेच मधुमेह आणि थायरॉइड असणाऱ्यांमध्ये हे बरेच आढळते. आधी डॉक्टरांना दाखवा. सुई चिमटीत घट्ट धरून तासन्‌तास शिवल्याने हा त्रास वाढतो.

३. पाय. गोधडी हाताने शिवायची, मग पाय कशाला तपासायचे, असे तुम्ही म्हणाल. कारण पुढे सांगते. मधुमेह असणाऱ्यांनी घरच्या घरी एक तपासणी करून पाहावी. डोळे मिटून बसा. घरातल्या कुणीतरी दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपले बोट हलकेच एक-दोन सेकंद टेकवावे. दाबायचे नाही, चोळायचे नाही. स्पर्श कळला की सांगायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे. डॉक्टरांकडे जा.

४. धनुर्वाताची लस. शेवटची कधी घेतली ते आठवत नसेल किंवा दहा वर्षे उलटून गेली असतील, तर सरकारी दवाखान्यात विचारा.

कापड कोणते, धुवायचे कसे

जुन्या सुती साड्या, लुगडी, धोतरे उत्तम. त्यांतून सुई सहज जाते आणि घाम शोषला जातो. नायलॉन, जॉर्जेट घसरते, नवशिक्याला आवरत नाही.

जुने कापड पेटीतून किंवा पोत्यातून काढले की त्यात धूळ आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात. दम्याच्या पेशंटला त्याने धाप लागते. म्हणून प्रत्येक कपडा कडक गरम पाण्यात धुवा, कडकडीत उन्हात वाळवा आणि मगच कापा. कापड झटकायचे ते घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून. घरात कुणाला खरूज झाली असेल तर त्याचे कपडे असेच गरम पाण्यात धुवायचे. गरम पाण्यात टाकता येत नसेल असे कापड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर खरजेचा किडा तेवढे दिवस जगत नाही.

आमच्यात एक ताई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "चिंध्यांतून बाहेर पडायला आईबापांनी हाडं झिजवली, आता परत चिंध्याच शिवायच्या?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. आपल्या घरांत पहिला पगार आला तेव्हा आधी चादर आली आणि वाकळ माळ्यावर गेली. पण तेव्हा वाकळ नाइलाजाने शिवली जायची. आज आपण आपल्या मर्जीने शिवतो आहोत. आणि तुकडे जोडून शिवण्यात कमीपणा कसला? भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडूनच होते. त्या ताई आता सर्वांत आधी येऊन बसतात.

पहिली गोधडी एक हात बाय एक हात

पहिल्याच झटक्यात अंथरुणाएवढी गोधडी घेऊ नका. हिशेब करून पाहा. पाच फूट बाय सात फुटांच्या गोधडीत इंचा-इंचावर टाक्यांची ओळ घातली, तर साठ ओळी होतात. प्रत्येक ओळ सात फूट, म्हणजे ४२० फूट शिलाई. तेच दीड फूट बाय दीड फुटाचे आसन घेतले तर अठरा ओळी, म्हणजे फक्त २७ फूट. आसन पुरे होते, पुरे झाले की हुरूप येतो आणि चुकले तर उसवायलाही सोपे जाते.

तळाला एक सलग तुकडा घ्या, चारी बाजूंनी एक-एक इंच जास्त. त्यावर जुन्या साडीचे दोन थर अंथरा. सगळ्यात वर रंगीत तुकडे लावा. मध्यापासून कडेपर्यंत लांब लांब कच्चे टाके घाला, म्हणजे थर सरकत नाहीत आणि आत चुणी पडत नाही. तळाच्या कडा वर दुमडा आणि टाचून घ्या. मग धावदोरा. काही जणी सरळ ओळी घालतात, काही कडेने फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. टाका गव्हाच्या दाण्याएवढा आला तरी चालेल. आजी म्हणतात, "टाका लहान नंतर होतो, आधी सारखा येऊ दे." दोरा फार ओढला तर कापड गोळा होते.

दोरा जाड सुती घ्या आणि हातभरच घ्या. लांब दोऱ्याचा गुंता होतो आणि प्रत्येक टाक्याला खांदा दुखेपर्यंत हात लांब न्यावा लागतो. मोठ्या नेढ्याची सुई घ्या. सुई ढकलणाऱ्या बोटावर शिंप्याची टोपी, म्हणजे अंगुस्तान घाला. ते स्वस्त असते आणि बोट वाचवते.

बसणे, उजेड आणि विश्रांती

जमिनीवर मांडी घालून, मान खाली घालून दोन तास बसलात तर उठताना मान, कंबर आणि गुडघे तिन्ही बोलतील. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीवर बसावे आणि गोधडी टेबलावर किंवा खाटेवर पसरावी. खाली बसायचेच असेल तर भिंतीला पाठ टेका आणि मांडीवर उशी घेऊन त्यावर काम ठेवा. काम डोळ्यांजवळ आले की मान वाकत नाही.

साठीच्या डोळ्यांना विशीतल्या डोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. दिवसा दारात किंवा खिडकीशी बसा. उजव्या हाताने शिवत असाल तर उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. काळ्या, जांभळ्या कापडावर रात्री शिवू नका.

दर वीस मिनिटांनी मान वर करून लांबचे झाड, गच्ची किंवा टाकी पाहा आणि डोळे मिचकावा. अर्ध्या तासाने उठा, मुठी उघडझाप करा, खांदे फिरवा, पाणी प्या. आमच्याकडे आजी अर्ध्या तासाने "उठा गं" म्हणून हाक देतात.

सुया मोजा

आता ती गोष्ट सांगते. मावशींना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. एका संध्याकाळी शिवताना त्यांची सुई पडली. तेवढ्यात लाइट गेली. "सापडेल सकाळी," म्हणून त्या झोपल्या. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या, पूर्ण पाळी केली. तिसऱ्या दिवशी घरी येऊन मोजा काढला तर त्याला रक्त लागलेले. तळव्यात सुईचा अर्धा तुकडा होता. तो पायात असताना त्या चालत राहिल्या, झाडत राहिल्या आणि त्यांना काहीच कळले नव्हते. एक्स-रे काढून तुकडा काढला. पाच आठवडे ड्रेसिंग चालले, रजा संपली. जखमेत पू झाला नव्हता, म्हणून पाय वाचला.

त्यात माझीही चूक होती. त्यांचा मधुमेह मला माहीत होता आणि पाय तपासायचे मी सुचवले नव्हते.

तेव्हापासून आमचा नियम आहे. बसताना सुया मोजायच्या, उठताना मोजायच्या. एक जरी कमी भरली तरी सापडेपर्यंत कुणी उठायचे नाही. प्रत्येक सुईत लाल दोऱ्याची शेपटी ठेवायची, म्हणजे फरशीवर दिसते. डबीत एक लोहचुंबक ठेवायचे. मधुमेह असणाऱ्यांनी घरातही चप्पल घालायची आणि रात्री तळवे पाहायचे. स्वतःला दिसत नसेल तर आरसा धरा किंवा नातवाला पाहायला सांगा. सुई रुतून तुटली तर कोरून काढू नका, दाबू नका. सरळ दवाखान्यात जा. धातू एक्स-रेमध्ये दिसतो.

विकणार असाल तर

हात बसल्यावर कुणी म्हणेल, माझ्यासाठीही शिवून द्या. जरूर द्या, पण किती तास लागले ते कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्यावरून पैसे सांगा. स्वस्तात शिवलेल्या गोधडीत आपले डोळे आणि आपली मान फुकट जाते. घाईची ऑर्डर घेऊ नका. निवृत्तीनंतर दुसरा मुकादम कशाला हवा?

आणि एक सांगायचे आहे. निवृत्तीच्या आगेमागे दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहिले, झोप लागेना, आवडत्या कामातही हात लागेना, तर ते गोधडीवर सोडून देऊ नका. १४४१६ या सरकारच्या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

मावशींचे पहिले आसन चार रविवारांत झाले. एक कड वाकडी आहे. मी म्हटले, उसवून देते. त्या म्हणाल्या, "राहू दे. कामावरून सुटायच्या दिवशी तिथं सगळ्यांना दाखवणार हाय." आता दुसरी गोधडी चालू आहे, पाळण्यातल्या पणतीसाठी. काल उठताना सुया मोजल्या. अकरा होत्या, अकराच भरल्या.