शाळा बंद, पण गुरुजी दारात



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली नि शाळांना कुलपे लागली. राज्याने मोबाईलवर अभ्यास पाठविला. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. पण आपल्या जळगाव-धुळ्याकडे घरात मोबाईल एकच, तोही बापाबरोबर शेतात. शिवाय घरी अहिराणी बोलणाऱ्या पहिलीच्या पोराला पडद्यावरची पुस्तकी मराठी उमगावी कशी?

गुरुजींच्या घरी तरी काय निराळे? स्वतःची पोरे त्याच मोबाईलला टेकलेली, म्हातारी आई जपायची, वर कोरोना सर्वेक्षणाची ड्यूटी. घरी आले की आधी आंघोळ, मगच लेकराला जवळ घेणे. तरीही कित्येक गुरुजी नि बाई पोषण आहाराचा तांदूळ वाटता वाटता वह्या तपासत, ओट्यावर चार पोरे लांब लांब बसवून शिकवीत. गावातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. तोवर शाळेशी नाते टिकले ते या फेऱ्यांमुळेच.

आता आमचे सांगणे एवढेच. ऊसतोड टोळीतल्या पोरांची शाळा दरवर्षी दिवाळीनंतर सुटते. यंदा आपल्या फडावर टोळी उतरली, की तिच्यातल्या पोरांची नावे जवळच्या शाळेत कळवा. पुढचे गुरुजी बघतील.