खाजेचा ताळेबंद

रात्रीचे अडीच-पावणेतीन. बाहेर पाऊस थांबून पागोळ्या गळताहेत, आणि पलंगाशेजारी फरशीवर आवाज सुरू होतो. ठक्, ठक्, ठक्, ठक्. सुतारपक्ष्यानं खोड टोकरावं तसा. मागच्या पायानं कान खाजवताना कुत्र्याचा पाय जमिनीवर आपटतो, त्याचा हा आवाज. मग थोडी शांतता. मग पंजा चाटण्याचा ओला, चिकट आवाज. मग पुन्हा ठक्, ठक्. ज्याच्या घरात खाजणारं कुत्रं आहे त्याला हे वेळापत्रक सांगायला नको. ज्याच्या घरात नाही त्याला ते सांगून पटणार नाही. तरीही आज सांगायचं ठरवलं आहे. कारण या आवाजापायी मी एक गोष्ट केली, ती दोन वर्षं केली, आणि तिची कबुली कुठं तरी द्यायला हवी.

ठकी आमच्या घरी आली ती २०१८ साली. त्याच वर्षी मी बँकेतून निवृत्त झालो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यावर आता स्वतःच्या वह्या लिहाव्यात, म्हणजे कादंबऱ्या लिहाव्यात, असा बेत होता. बायको म्हणाली, ‘‘तुम्ही लिहीत बसणार, मग मी बोलायचं कुणाशी?’’ आणि दीड महिन्याचं, फिकट पिवळ्या रंगाचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू पदराखाली घेऊनच ती रिक्षातून उतरली. सगळ्यांना फसवून खाऊ मिळवण्याची तिची हातोटी पाहून नाव पडलं ठकी.

पहिली दीड-दोन वर्षं सुखाची गेली. २०२०च्या पावसाळ्यात, टाळेबंदीतलं जग अजून धड उघडलं नव्हतं तेव्हा, ठकी खाजवू लागली. आधी पुढचे पंजे, मग कान, काखा, पोट. पंज्यांवरचे पांढरे केस चाटून चाटून विटकरी झाले. लाळेनं केसांना असा रंग चढतो हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, कुठं तरी लाल मातीत खेळून आली असेल.

कोथरूडसारख्या वस्तीत कुत्र्याला खाज सुटली की सल्ल्यांना तोटा नसतो. एकानं कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी सांगितलं, दुसऱ्यानं खोबरेल तेलात गंधक. एका सद्‌गृहस्थांनी गॅरेजमधलं काळं ऑइल चोपडा म्हणून सांगितलं. ही शिफारस आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ते तेल विषारी असतं आणि कुत्रं स्वतःचं अंग चाटतं, एवढा साधा विचार तिच्यामागे कुणी केलेला नाही. सोसायटीतल्या दोघांनी लिफ्टमध्ये आमच्याबरोबर येणं सोडलं. ‘‘खरूज आहे वाटतं,’’ असं हलक्या आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणून झालं. मी गाजरगवतावर संशय घेतला. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम दिसलेलं हे गवत माणसांच्या कातडीला किती छळतं ते ठाऊक होतं, आणि आमच्या फिरण्याच्या वाटेवर ते कमरेएवढं वाढलं होतं. वाट बदलली. खाज बदलली नाही.

तेव्हाच्या डॉक्टरांनी कातडी पाहिली, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, ‘‘सात दिवस. मग कमी करत बंद.’’ दुसऱ्याच रात्री घर शांत झालं. ठकी कुशीवर वळून घोरत होती. त्या घोरण्याइतकं गोड संगीत मी त्या वर्षात ऐकलं नव्हतं.

गोळ्या संपल्या, दहा दिवसांनी ठक्-ठक् परतलं. मी तीच चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलो. दवाखान्याच्या वेळा तेव्हा अनिश्चित होत्या, हे कारण खरंच होतं. पण वर्षभरानं वेळा निश्चित झाल्या तरी मी चिठ्ठीच दाखवत राहिलो. चिठ्ठी घडीवर फाटली तेव्हा तिला मागून चिकटपट्टी लावली.

बँकेत एका प्रकाराला आम्ही ‘एव्हरग्रीनिंग’ म्हणायचो. कर्जदाराला हप्ता भरता येत नाही. मग त्याला नवं कर्ज द्यायचं आणि त्यातून जुन्याचा हप्ता भरून घ्यायचा. कागदावर खातं हिरवंगार. शाखाधिकारी खूश, कर्जदार खूश. आतून खातं सडत असतं. अशी खाती मी तपासणीत पकडली आहेत, त्यावर कडक शेरे मारले आहेत. आणि घरी तेच करत होतो. ठकी बादलीभर पाणी पिऊ लागली. कधी नव्हे ते घरात लघवी करू लागली. भूक भागेना. पोट सुटलं, पाठीवरचे केस विरळ झाले. यातलं प्रत्येक लक्षण या औषधाच्या दीर्घ वापराचं आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकतो. पण ते खरं नाही. मला संशय होता आणि मी चौकशी केली नाही. ती झोपत होती, म्हणून मी झोपत होतो. त्या दोन वर्षांत माझी कादंबरी पूर्ण झाली.

२०२२च्या दिवाळीनंतर ठकीच्या पोटावर पुवाळलेले फोड आले आणि आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. तिशीतली मुलगी. खाली फरशीवर बसून तिनं ठकीचे कान हुंगले, बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या आणि मान वर न करता विचारलं, ‘‘काका, स्टेरॉइड किती दिवस चालू आहे?’’

‘‘अधूनमधून,’’ मी म्हणालो.

बायकोनं पिशवीतून गुंडाळी काढली. भिंतीवरच्या कॅलेंडरांची. दुधाच्या हिशेबाशेजारी, एकादशी-चतुर्थीच्या चौकोनांत, तिच्या बारीक अक्षरात ‘ठ’ आणि ‘गो’ लिहिलेलं होतं. ‘ठ’ म्हणजे ठकी रात्रभर खाजवत होती. ‘गो’ म्हणजे गोळी. ‘‘अधूनमधून नाही डॉक्टर,’’ ती म्हणाली. ‘‘हे बघा.’’

ते कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात माझ्या डोळ्यांसमोर लटकत होतं. पस्तीस वर्षं वह्या तपासणाऱ्या माणसानं ते एकदाही वाचलं नव्हतं. घरी परतताना मी विचारलं, ‘‘आधी का नाही बोललीस?’’ ती म्हणाली, ‘‘दोनदा बोलले. तुम्ही म्हणालात, प्रकरण संपू दे.’’ प्रकरण म्हणजे कादंबरीचं.

डॉक्टरांनी मात्र कॅलेंडर हातात घेऊन पानामागून पान उलटलं. ‘‘काकू, हे रक्ताच्या तपासणीपेक्षा मोलाचं आहे.’’ कुत्र्याच्या खाजेत पूर्वेतिहासालाच महत्त्व. कितव्या वर्षी सुरू झाली, कुठं खाजवतं, बारा महिने की ठरावीक ऋतूत, कशानं थांबतं. जूनअखेरीपासून ‘ठ’ दाट होत होते, दिवाळीपर्यंत तसेच. उन्हाळ्यात विरळ, पण पूर्ण नाहीसे कधीच नाहीत.

मी विचारलं, ‘‘पण नेमकं कारण काय?’’ त्यावर तिनं जे समजावलं ते मी माझ्या भाषेत मांडतो. प्रत्येक कुत्र्याला खाजेची एक मर्यादा असते, ओव्हरड्राफ्टसारखी. पिसवा चावल्या, थोडी उचल झाली. कानात बुरशी वाढली, आणखी थोडी. धुळीतले सूक्ष्म कीटक, परागकण, एखादा खाद्यपदार्थ, जंतूंचा संसर्ग, या सगळ्यांची बेरीज मर्यादेच्या आत असेपर्यंत कुत्रं शांत झोपतं. मर्यादा ओलांडली की ठक्-ठक्. तुम्ही एक चोर शोधताय काका, ती म्हणाली, इथं पाच उधाऱ्या आहेत. मोठी फिटणार नसेल तर लहान लहान चार फेडा. बेरीज खाली येते.

मग रीतसर तपासणी सुरू झाली. स्टेरॉइड एकदम तोडलं नाही. इतके महिने बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं उत्पादन मंदावतं, म्हणून ते कित्येक आठवडे उतरवत नेलं. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे किडे नव्हते. (लिफ्टमधल्या दोघांना हे मी आवर्जून सांगितलं.) पिसवांची परीक्षा तर कुणालाही घरी करता येईल. कुत्र्याचे केस ओल्या पांढऱ्या कागदावर विंचरायचे. काळे कण पडून त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आमच्या कागदावर डाग पसरले. मी छातीठोकपणे सांगत होतो की आमच्या कुत्रीला पिसवा नाहीत! अंगावर दिसतात त्या थोड्या. त्यांची अंडी, अळ्या आणि कोष घरात, सतरंजीत, सोफ्याच्या फटींत असतात. ज्याला त्यांच्या लाळेची ॲलर्जी आहे त्याला दोन-चार चावेही पुरतात. महिन्याची गोळी सुरू झाली आणि सोफा उचलून झाडण्याचं काम माझ्याकडे आलं.

कानात आणि बोटांमध्ये बुरशी होती. तो शिळ्या पावासारखा वास आम्ही ‘ठकीचा वास’ म्हणून लाडानं सोसला होता. त्यासाठी औषधी शाम्पू आला. तो अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा असतो. साबणानं न्हालेली ओली लॅब्रॅडॉर दहा मिनिटं थोपवून धरणं हा व्यायाम निवृत्तांसाठी नाही.

आणि मग खाण्याची परीक्षा. आठ आठवडे ठकीनं आयुष्यात कधीच न खाल्लेलं प्रथिन तेवढं द्यायचं; पोळी, दूध, चिकन, बिस्किट काही नाही. ठकीनं मासा कधी खाल्ला नव्हता. आमच्या घरातही कुणी खाल्ला नव्हता. छत्तीस वर्षांच्या संसारात प्रथमच बायकोनं नाकाला पदर लावून बांगडे उकडले, रताळ्याबरोबर. तीन आठवड्यांनी कळलं की आमचा पहारेकरी रोज संध्याकाळी ठकीला प्रेमानं ग्लुकोज बिस्किट देत होता. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. आठ आठवडे पुरे झाले. फरक नाही. चिकन पुन्हा देऊन पाहिलं. खाज वाढली नाही. एवढ्या खटाटोपाचं फळ काय, तर अन्न निर्दोष सुटलं. मी वैतागलो, पण डॉक्टर समाधानी होत्या. ‘‘आता उरलेलं नाव लिहिता येईल.’’

उरलेलं नाव ॲटॉपी. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. निरुपद्रवी वस्तूला शरीरानं शत्रू मानणं असा आज त्याचा अर्थ. ॲटॉपी असलेल्या कुत्र्याची कातडी बांधालाच कच्ची असते. धूळ-कीटकांचे आणि परागांचे अंश तिच्यातून आत शिरतात. बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरुवात होते, आणि लॅब्रॅडॉर हे नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी. ‘हीच ॲटॉपी’ असं सांगणारी एकही चाचणी नाही. बाकी सारं वगळून हे नाव उरतं. रक्ताची ॲलर्जी-चाचणी असते, पण ती रोग ठरवायला नव्हे, तर थोडी थोडी मात्रा देऊन शरीराला सवय लावणाऱ्या लशीत काय घालायचं ते ठरवायला. त्या लशीचा गुण यायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं, आणि तो सगळ्यांनाच येतो असं नाही.

ठकीच्या बाबतीत दाट संशय धूळ-कीटकांवर आहे. ते अंथरुणात, झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत फोफावतात. पावसाळ्यातले ‘ठ’ त्याच्याशी जुळतात. पण गाजरगवतही पावसातच फुलतं. दोघांना वेगळं काढता आलेलं नाही. बँकेत एखाद्या रकमेचा धनी सापडला नाही की ती सस्पेन्स खात्यात टाकतात. दडवायची नाही, फक्त तिच्यावर रोज नजर ठेवायची. ठकीची खाज आता तिथं आहे.

रोजचं काम साधंच आहे. फिरून आल्यावर पंजे ओल्या फडक्यानं पुसून कोरडे करायचे. अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुवायचं. आठवड्याला न्हाणं. खाज फारच भडकली तर ऑक्लासिटिनिबची गोळी. हे औषध अमेरिकेत २०१३ साली मान्य झालं. ते स्टेरॉइड नाही, खाजेचा निरोप मज्जातंतूंपर्यंत पोचवणारी वाट अडवतं, आणि चोवीस तासांत आराम पडतो. पहिल्यांदा ती शांतता ऐकली तेव्हा मी दचकलो. ओळखीची होती. या औषधावरही डॉक्टरांची देखरेख लागते, रक्त तपासावं लागतं. गोळ्यांचा डबा बायकोच्या कपाटात आहे आणि किल्ली तिच्या कमरेला. मी मागितलेली नाही.

ठकी आता सात वर्षांची आहे. पाठीवर केस परत आले आहेत, पोट आवरलं आहे. बरी झाली का, असं लोक विचारतात. नाही. ती बरी होणार नाही, बरी राहील. या दोन क्रियापदांतलं अंतर कळायला मला पाच पावसाळे लागले.

कॅलेंडरवर आता ‘ठ’ नसतो, आकडा असतो: शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे रात्रभर ठक्-ठक्. तो मी लिहितो, रोज सकाळी, चहाच्या आधी. काल रात्री पावणेतीनला पाय दोनदा आपटला. मी उठलो, खाली तिच्याजवळ बसलो, कान पाहिला, कोरडा होता. थोड्या वेळानं ती घोरू लागली. आजच्या चौकोनात लिहिलं आहे, तीन.