देवडीवरचा पहारेकरी

शाळेतला संगणक सुरू केला, की पडद्यावर आधी एक चौकट येते. तिथे नाव सांगायचे, परवलीचा शब्द लिहायचा, मगच आत प्रवेश. ही चौकट बिघडली म्हणजे सारा संगणकच गेला, असे पुष्कळांना वाटते. पण देवडीवरचा पहारेकरी म्हणजे काही वाडा नव्हे!

लिनक्सच्या घराण्यातल्या उबुंटू, डेबियन या प्रणालींत हा पहारेकरी म्हणजे एक स्वतंत्र आज्ञावली असते. तिला 'डिस्प्ले मॅनेजर' म्हणतात. जीडीएम, लाइटडीएम, एसडीडीएम ही त्यांतली काही नावे. उबुंटूने २०११ साली लाइटडीएम नेमला आणि २०१७ साली पुन्हा जीडीएमला बोलावले. पहारेकरी बदलला, तरी आतले सामान हलत नाही. मुलांची चित्रे, गुणपत्रके जागच्या जागी राहतात. शिवाय ही प्रणाली सर्वांना खुली. तेव्हा असा बदल तुम्हीही करू शकता. यंत्र जुने असेल, तर हलका लाइटडीएम सोयीचा पडतो.

मात्र वर्ग भरलेला आणि पडदा काळा, अशी पाळी यायला नको. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, मागचे दार आधी पाहून ठेवा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकदम दाबल्या, की नुसत्या अक्षरांचा पडदा येतो. तिथूनही नाव आणि परवलीचा शब्द देऊन आत जाता येते. परत यायला एफ३ऐवजी एफ१, एफ२ किंवा एफ७ दाबून पाहावे.

दुसरी, नवा पहारेकरी त्याच्या चेहऱ्यासह आणा. ज्याला व्यवस्थापकाचे अधिकार आहेत, त्याने टर्मिनल उघडून 'सुडो एपीटी इन्स्टॉल लाइटडीएम लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर' ही आज्ञा द्यावी. इथे उच्चार दिला आहे. टंकताना रोमन लिपीतली लहान अक्षरे वापरायची. 'ग्रीटर' म्हणजे दिसणारी चौकट. ती नसेल, तर पहारेकरी असून नसल्यासारखा. मग 'कोणाला नेमू?' अशा अर्थाचा प्रश्न येतो. बाणाच्या कळीने लाइटडीएम निवडा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

तिसरी, जुन्याला लगेच घालवू नका. नव्याचे जमले नाही, तर मागच्या दाराने आत जाऊन 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३' म्हणा. तोच प्रश्न पुन्हा येईल; जुने नाव निवडा आणि संगणक पुन्हा सुरू करा. आणखी एक, बरं का: गनोम या मांडणीत पडद्याला कुलूप लावण्याचे काम जीडीएमच्या आधाराने चालते. तेव्हा बदलानंतर कुलूप लागते की नाही, हेही पाहावे.

हे सारे सुट्टीच्या दिवशी, दोन मोठी मुले शेजारी बसवून करा. मागचे दार ज्याला ठाऊक आहे, तो विद्यार्थी काळ्या पडद्याला भिणार नाही.