‘दुबराज’ बुटका का केला?

रायपूर : उरला येथील पोलाद कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने ‘दुबराज’ या सुगंधी भाताचे बुटके वाण विकसित केले आहे. मूळ दुबराज उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो आणि उशिरा पिकतो. त्यामुळे शेतकरी त्याकडे पाठ फिरवू लागले होते.

बियाण्यावर किरणोत्साराचा मारा केल्यास जनुकांत बदल घडतात. त्यांतून बुटकी, लवकर पिकणारी रोपे पिढ्यान्‌पिढ्या निवडली जातात. बाहेरचे जनुक घालावे लागत नाही. ‘ट्रॉम्बे छत्तीसगड दुबराज म्युटंट-१’ असे या वाणाचे नाव आहे.

डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात जमवलेल्या हजारो देशी भातवाणांचा ठेवा याच विद्यापीठाकडे आहे. अशा सुधारणांचा पाया तोच.