व्हीगन पंगत आणि ‘फक्त शाकाहारी’ची पाटी

माझा भाचा लातूर जिल्ह्यातून डिप्लोमा करून चाकणला आला. म्हाळुंग्याच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागला. पहिले आठ महिने नाणेकरवाडीत दहा बाय दहाच्या खोलीत पाच पोरांबरोबर काढले. पुढे पगार थोडा वाढला. मोशीच्या बाजूला सोसायटीत वन रूम किचन घेऊ म्हणाला. मी चाळीस वर्षे या पट्ट्यात आहे, भोसरीत मशीनवर उभा राहून निवृत्त झालो, म्हणून बोलणी करायला मला बरोबर नेले. एजंटने आधी आडनाव विचारले. मग गाव विचारले. मग हसत हसत म्हणाला, “काका, बिल्डिंग प्युअर व्हेज आहे, मालकांची अट आहे.” पोरगा म्हणाला, “मग काही अडचण नाही. मी मटण, मासे, अंडी काहीच खात नाही. दूधसुद्धा घेत नाही.” एजंट जरा गोंधळला. फोनवर बोलून परत आला आणि म्हणाला, “तुम्ही खात नसाल हो, पण तुमच्याकडं पाहुणे येतील. तुमच्यातले खातातच.”

वाचकहो, हा शब्द नीट ऐका. ‘तुमच्यातले.’ ताट स्वच्छ होते. त्या इमारतीतल्या प्रत्येक ताटापेक्षा स्वच्छ होते, कारण त्यात तूपही नव्हते. तरी दार बंदच राहिले.

हा पोरगा व्हीगन आहे. आपल्या बऱ्याच वाचकांना हा शब्द नवा असेल. 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या काही सोबत्यांनी तो तयार केला. मांस, मासळी, अंडी तर नाहीच. पण दूध, दही, तूप, मध नाही, आणि जमेल तिथे कातडे व रेशीमही नाही. जनावराला माणसाच्या सोयीचे यंत्र करू नये, एवढाच विचार. यात सोवळे नाही, नवस नाही, चातुर्मास नाही. गाभण राहावी म्हणून म्हशीचे काय करतात, रेडकाचे पुढे काय होते, हे पोराने मोबाइलवर पाहिले आणि चहातले दूध बंद केले. कंपनीने दिलेले सेफ्टी शूज मात्र कातड्याचे आहेत, ते घातल्याशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत. त्याचे त्याला वाईट वाटते. मी म्हणालो, “बाळा, आपल्या आज्या-पणज्याने मेलेली ढोरे ओढली, आणि तुला त्या कातड्याचे बूट घालायला जड जाते. एवढे अंतर आपण तीन पिढ्यांत कापले.” तो हसला नाही.

खोली मिळाली नाही, ती दुसरीकडे मिळाली. तो विषय तिथेच संपला असता. पण पोराने आणि त्याच्या चार-पाच सोबत्यांनी, त्यात एक बिहारचा, एक केरळची मुलगी, दोन आपल्या वस्तीतलेच, आमच्या विहाराच्या कमिटीकडे अर्ज केला. महिन्यातून एका रविवारी विहाराचे सभागृह द्या, तिथे आम्ही व्हीगन जेवण करू, कोणीही यावे, पण त्या दिवशी आत दुसरे अन्न आणू नये.

कमिटीत आग लागली. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले, उठून म्हणाले, “ज्या पाटीने आपल्या पोराला दारातून हाकलले तीच पाटी आता आपण विहाराला लावायची?” त्यांचा राग खोटा नव्हता. ‘फक्त शाकाहारी’ ही पाटी आपल्या देशात अन्नाबद्दल कधीच नव्हती.

ते कसे, ते पाहा. माळ घातलेला वारकरी मांस खात नाही. आपल्यातही पिढ्यानपिढ्या माळकरी होते, मटणाला शिवत नव्हते, एकादशी करत होते, पायी पंढरपूरला जात होते. त्यांना विठोबाच्या मंदिरात जाता येत होते काय? चोखोबांची समाधी पायरीशी, आणि त्या पायरीपुढे अस्पृश्यांना दार उघडले ते साने गुरुजींच्या 1947 च्या उपोषणानंतर. म्हणजे शेकडो वर्षे ताट शुद्ध होते आणि माणूस अशुद्ध होता. मग कोणत्या तोंडाने सांगता की प्रश्न खाण्याचा आहे? बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ या 1948 च्या ग्रंथात हेच उलगडून दाखवले. यज्ञात गाय मारून खाणाऱ्यांनी बुद्धधम्माशी चाललेल्या चढाओढीत मांस सोडले, आणि मेलेल्या गाईचे मांस ज्यांच्या वाट्याला आले त्यांना गावाबाहेर बसवले. शाकाहार ही तिथे करुणा नव्हती, राजकारण होते.

आणि ते संपलेले नाही. 2023 च्या जुलैत मुंबईच्या आयआयटीत एका वसतिगृहाच्या कँटीनमध्ये ‘इथे फक्त शाकाहारींनी बसावे’ असे कागद चिकटले. आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलच्या विद्यार्थ्यांनी ते उजेडात आणले. सप्टेंबरअखेर तिथल्या मेस कौन्सिलने थेट सहा टेबले शाकाहारींसाठी राखून ठेवली. काही विद्यार्थी निषेध म्हणून त्या टेबलावर बसून मांसाहार जेवले, तर एकाला दहा हजार रुपये दंड! कोणाच्या ताटातला वास सहन होत नाही, याची किंमत दहा हजार ठरली. 2017 साली आपल्या पुण्यात सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी ठेवलेल्या बाईने जात लपवली, म्हणून एका उच्चशिक्षित मालकिणीने पोलिसांत तक्रार दिली होती. पुढे ती मागे घेतली. त्या स्वयंपाकात मांसाचा तुकडा नव्हता, सगळे शुद्ध तुपातले होते. बाटवले ते बाईच्या हाताने!

घराचे तर विचारूच नका. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम संस्थेला करता येतो, असा निकाल दिला. संविधानाच्या पंधराव्या कलमाचा दुसरा भाग दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव, रस्ता यांची नावे घेऊन सांगतो की धर्म, जात यांच्या कारणावरून कोणाला अडवता येणार नाही. त्यात भाड्याची खोली लिहिलेली नाही आणि ‘ताट’ हा शब्दही नाही. त्यामुळे एजंट ‘महाराला देत नाही’ असे म्हणत नाही, ‘नॉनव्हेजला देत नाही’ असे म्हणतो. कायद्याचे काम झाले, मनुस्मृतीचेही झाले.

आता सरकार आणि पालिकाही या कामाला लागल्या आहेत. देहू नगरपंचायतीने 1 एप्रिल 2022 पासून गावात मांस-मासळी विक्री बंद केली. तीर्थक्षेत्र आहे, भावना आहे, मान्य. पण त्या गावात वारकरी नसलेला, रोज शिफ्टला जाणारा माणूसही राहतो, आणि कोंबडी विकून पोट भरणारा खाटीकही राहत होता. 2025 च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने चोवीस तास मांसविक्री बंद ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनाही तो पटला नाही. स्वातंत्र्याच्या दिवशी काय खावे, हे आयुक्ताने सांगायचे! 2014 च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत देशातले पंधरा वर्षांवरचे सुमारे सत्तर टक्के लोक मांसाहारी निघाले होते. पाटी मात्र तीस टक्क्यांची.

हे सगळे मी कमिटीत बोललो. ज्येष्ठ माने डोलावत होते. पण पुढे मी म्हणालो, की तरीही सभागृह द्यावे. तेव्हा सगळे माझ्याकडे चमकून पाहू लागले.

माझे म्हणणे असे. देहूरोडचे बुद्धविहार आमच्यापासून लांब नाही. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी तिथे स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली, ती रंगूनहून आणलेली मूर्ती होती. दरवर्षी त्या दिवशी आपण जातो. आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेला आपण काय वाढतो? पुरी, भाजी, खीर. मटण का नाही वाढत? कोणी बंदी घातली म्हणून नाही. सगळ्यांना एकत्र बसता यावे म्हणून. त्या दिवशी दारात उभे राहून आपण कोणाला ‘घरी काय खाता’ असे विचारत नाही. मुसलमान शेजारी येतो, मारवाडी दुकानदार येतो. पाटी अन्नाला आहे, माणसाला नाही. पोरांची मागणी याच जातीची आहे, फक्त खिरीतले दूध वजा.

आणि खाणे सोडणे हे चळवळीला परके नाही. महाडला 1927 च्या मार्चमध्ये तळ्यावर जाण्याआधी परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. ते सोवळ्यासाठी नव्हते, स्वाभिमानासाठी होते. गावोगाव आपल्या बायांनी हंड्या फोडल्या. सोडणारे आपण होतो. कोणी सोडायला लावणे आणि आपण होऊन सोडणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. देवदत्ताने भिक्खूंवर मांस-मासळीची कायमची बंदी घाला म्हणून हट्ट धरला, बुद्धाने ती सक्ती नाकारली. आपल्यासाठी मारले असे पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंका नाही, तर भिक्खूला ते चालेल, एवढेच सांगितले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला, अहिंसेला नियम न म्हणता तत्त्व म्हटले. तत्त्व माणसाने स्वतः विचार करून पाळायचे असते. म्हणून मी स्वतः बोंबील खातो आणि खात राहणार. माझा भाचा त्याच तत्त्वावर विचार करून दुसरीकडे पोहोचला. तो धम्माबाहेर गेला काय?

त्याला जागा का हवी, तेही समजून घेतले पाहिजे. कंपनीच्या कँटीनमध्ये भाजीवर पनीर, डाळीला तुपाची फोडणी. हा पोरगा भात आणि लोणचे खातो, लाइनवरची पोरे त्याला चिडवतात. तिकडे सोवळेवाले त्याला ‘तुमच्यातला’ म्हणतात, इकडे आपले म्हणतात, ‘बामण झाला का रे?’ दोन्हीकडून मार. महिन्यातून एकदा तीन तास खुलासा न देता जेवावे, एवढेच त्याचे मागणे. आपण तरी वसतिगृहे, विहारे वेगळी का काढली? दुसऱ्याच्या घरात मान मिळत नव्हता म्हणूनच ना?

पण एक रेघ मी ओढली, आणि तिच्यावर मी हटणार नाही. जिथे माणूस स्वतःच्या मर्जीने जातो आणि मर्जीने उठतो तिथे हवे ते अन्न ठेवा. पण जिथे राहिल्याशिवाय, शिकल्याशिवाय, कामाला गेल्याशिवाय गत्यंतर नाही, तिथे ताटावरून पंगत मोडता कामा नये. खोली, वसतिगृह, कारखान्याचे कँटीन. अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांना कँटीन सक्तीचे करण्याची तरतूद 1948 च्या कायद्यात होती, 2020 च्या संहितेने तो आकडा कंत्राटी कामगार धरून शंभरावर आणला. ते कँटीन कामगाराचा हक्क आहे. तिथे व्हीगन पोराला बिनतुपाची डाळ मिळालीच पाहिजे, आणि शेजारच्याने डब्यातला सुकट उघडला तर त्याला कोणी उठवता कामा नये. उद्या हीच व्हीगन मंडळी ‘फक्त व्हीगन’ सोसायटी काढतील, तर त्यांच्या दारात निषेधाचा पहिला फलक घेऊन मी उभा राहीन. भाच्याला तसे सांगितले आहे. तो म्हणाला, “मामा, मी तुमच्या बाजूला उभा राहीन.”

कमिटीतल्या एका आक्काने मात्र आमची सगळ्यांची बोलती बंद केली. म्हणाल्या, “आमच्या लहानपणी घरात दूध होतं कुणाच्या? कोरा चहा, भाकरी, ठेचा, अंबाडी. आम्ही तर जन्मापासून हे तुमचं व्हीगनच होतो, फक्त इंग्रजी नाव माहीत नव्हतं.” सगळे हसले. पण त्यातला काटा मला टोचला. जे गरिबीने तोंडात आले ते आता हिंजवडीच्या हॉटेलात बदामाच्या दुधासकट तीनशे रुपयांना विकतात. म्हणून अट घातली, की जेवणाचे पैसे लागणार नाहीत, ज्याला जमेल त्याने डब्यात टाकावे, आणि भांडी पोरांनी घासायची, वस्तीतल्या बायांनी नाही. पाटीचा मजकूरही कमिटीने ठरवला: ‘आज येथे दूध-मांस नसलेले जेवण आहे. सर्वांनी यावे.’ ‘फक्त’ हा शब्द खोडला. पोरांनी त्यावर बरीच हुज्जत घातली, शेवटी मान्य केले.

गेल्या महिन्यात पहिला रविवार झाला. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, जवसाची चटणी, वांगे. साठेक माणसे आली, त्यात सेकंड शिफ्टला जाणारी पोरे घाईघाईने उभ्यानेच जेवून गेली. बिहारच्या पोराने सत्तूचे काहीतरी केले होते, ते लगेच संपले. आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते येणार नाहीत असे सगळे धरून चालले होते. ते उशिरा आले, पाटी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि पंगतीत बसले. आमटी ओरपून झाल्यावर भाच्याला म्हणाले, “ताक नाही म्हणता. बरं. पुढच्या रविवारी तुम्ही सगळे माझ्या घरी या. मी मटण करणार आहे. तुम्हाला भाकरी-ठेचा मिळेल, पण बसायचं एकाच पंगतीत.”

पोरे जाणार आहेत म्हणतात.