दमेकऱ्याचे ‘बरं आहे’
दमेकरी ‘बरं आहे’ म्हणाला तरी छातीला नळी लावण्याआधी मी विचारतो : गेल्या चार आठवड्यांत दम्याने रात्री जाग आली? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदांहून अधिक ओढावा लागला? मग कळते, माणूस जिना टाळतो, लग्नकार्याला जात नाही, उशांना टेकून रात्र काढतो. याला बरे म्हणायचे?

पंपाची सवय लागते, ही समजूत तर हटता हटत नाही. साल्बुटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा भाग! २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनाही सांगतात, की प्रौढांनी नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर राहू नये. श्वासनलिकेची सूज उतरवणारे स्टिरॉइडही फवाऱ्यातूनच घ्यावे. ते घेतल्यावर चूळ मात्र भरावी, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.